काशीचा चंद्र पाऊण तास आधी

चंद्राचे फोटो काढायला थेट काशीला कशाला जायचं, साताऱ्यात चंद्र उगवत नाही का, असं मला निघण्याआधी निदान दहा जणांनी विचारलं. त्यातल्या नऊ जणांना मी नुसतं हसून दाखवलं. दहावी माझी बहीण होती, तिला सगळं समजावून सांगावं लागलं.

लांब पल्ल्याच्या लेन्सची गंमत अशी, की तिच्यामुळे चंद्र काही खरोखर मोठा होत नाही. पण त्याच्यापुढे एखादी ओळखीची वस्तू असली, आणि आपण त्या वस्तूपासून चांगले दूर जाऊन उभे राहिलो, की ती वस्तू लहान होते आणि चंद्र तिच्या बरोबरीला येतो. काशीला दुर्गाघाटावरून राजघाटाचा पूल दीड-दोन किलोमीटरवर दिसतो. वरून रस्ता, खालून रेल्वे, मध्ये आडव्या-तिरप्या पट्ट्यांच्या लोखंडी कैच्या. कार्तिकात पौर्णिमेपासून पुढचे तीन-चार दिवस चंद्र नेमका या पुलामागून वर येतो, आणि माझ्या लेन्समधून पाहिलं तर एका कैचीत एक चंद्र मावतो. दर दोन सेकंदांनी एक फोटो घ्यायचा. दहा-बारा मिनिटांत चंद्र चौकटीबाहेर जातो. ते तीनशे-साडेतीनशे फोटो एकामागोमाग पळवले, की बारा-तेरा सेकंदांची फिल्म तयार होते. बहिणीने एवढंच विचारलं, ‘बारा सेकंदांसाठी दीड दिवस रेल्वेत?’ मी हो म्हटलं. निवृत्त माणसाला कुणी फार विचारत नाही.

मी तेहतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे जो घोटाळा झाला तो या माहितीशिवाय पुरेसा लाजिरवाणा वाटणार नाही.

पौर्णिमा

माझ्या वडिलांचे मावसभाऊ दुर्गाघाटावर राहतात. त्यांचे आजोबा काशीला शिकायला गेले आणि तिथलेच झाले. काका पाठशाळेत संस्कृत शिकवायचे, आता ऐंशीला टेकलेत. काकू पंचाहत्तरीच्या आतबाहेर. मुलगा रेल्वेत, सध्या त्याची ड्युटी गोरखपूरला, त्यामुळे घरात हे दोघं आणि सून रश्मी. ती शाळेत शिक्षिका आहे आणि मराठी, हिंदी अशा दोन होड्यांत पाय ठेवून झकास बोलते.

गल्ली इतकी अरुंद, की माझी लेन्सची पेटी एका खांद्यावर आणि तिपाई दुसऱ्या खांद्यावर असताना समोरून माणूस आला तर एकाने ओट्यावर चढायचं. काकूंनी दारातच मला आपादमस्तक न्याहाळलं.

“अगं शैला, इतकं सामान? गल्लीत सांड समोर आला तर पळशील कशी?”

“सांडाला सांगेन, फोटो काढते, जरा थांब.”

“तो थांबेल. इथले सांड थांबतात. तूच आवाज करू नको.”

मी भेट म्हणून मेतकूट, कंदी पेढे आणि पुढच्या वर्षाचं मराठी कॅलेंडर नेलं होतं. पेढे, मेतकूट बाजूला राहिलं. काकूंनी आधी कॅलेंडर उलगडलं आणि पुढच्या वर्षातल्या सगळ्या संकष्ट्या बोटाने शोधल्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या संकष्टी करतात. दिवसभर एक कप दूध आणि एक केळं, रात्री चंद्र स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, अर्घ्य द्यायचं, मगच जेवायचं. दुसऱ्याने बघितलेला चंद्र त्यांना चालत नाही.

रश्मीने मला स्वयंपाकघरात गाठलं. “ताई, मागच्या दोन्ही चतुर्थींना आईंना छतावरच चक्कर आली. शुगर एकदम डाऊन. डॉक्टर बोलले, साडेसातला गोळी आणि खाना, बस. मी सांगून टाकलंय, हा लास्ट चान्स. या वेळी पण चक्कर आली तर उपास बंद.”

काकू हे ऐकत होत्या. त्या भांडल्या नाहीत, याचंच मला नवल वाटलं. संध्याकाळी वाती वळताना म्हणाल्या, “मी हो म्हटलंय तिला. गणपतीसमोर म्हटलंय. बाकीची व्रतं एकेक करून सोडलीच गं मी. गुडघे गेले, मग घाटावरचं स्नान गेलं. ही एक राहिली. ही पण गेली, तर मी काय नुसती गोळ्या खायला उठू रोज सकाळी?”

मी वाती मोजत बसले.

त्या संध्याकाळी काशीची देवदिवाळी होती, ती इथे कार्तिक पौर्णिमेलाच असते. सगळ्या घाटांवर पणत्या आणि त्या बघायला आलेली अफाट माणसं. चंद्रोदयाच्या वेळा मी साताऱ्याहून निघतानाच पंचांगातून वहीत उतरवून घेतल्या होत्या: आज पाच त्रेचाळीस. पाचला घर सोडलं. एरवी चार मिनिटांचा रस्ता. गर्दीने मला उचलून आधी ब्रह्माघाटाकडे नेलं, तिथून परत आणलं, आणि मी पायरीवर तिपाई टेकली तेव्हा सहाला पाच मिनिटं कमी होती. चंद्र पुलाच्या कितीतरी वर जाऊन बसला होता, खाली पूल, वर चंद्र, मध्ये नुसतं आकाश. बारा मिनिटांत एवढा वर? ही शंका मला आली नाही असं नाही, पण त्याच वेळी कुणीतरी माझ्या तिपाईच्या पायाला टेकवून पणती लावली आणि मी सगळा राग पणतीवर काढला. पणत्या मात्र सुंदर होत्या. राग फार वेळ टिकला नाही.

रामनगरचं वांगं

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी चुरामटर केलं. म्हणजे आपले पोहे, पण कोवळ्या मटारांत परतलेले, तुपात, आल्याचा झणका आणि वरून लिंबू. हळद नाही, शेंगदाणे नाहीत. मी दोनदा घेतलं आणि तिसऱ्यांदा घेताना साताऱ्याच्या पोह्यांची मनातल्या मनात माफी मागितली.

काकांनी माझ्याकडे एक काम दिलं. चातुर्मास संपला होता, चार महिने त्यांनी वांग्याला हात लावला नव्हता, आणि भरताचं वांगं रामनगरचंच हवं होतं. वहीप्रमाणे चंद्र साडेसहाला होता, दिवस मोकळाच. तिपाई घरी ठेवली आणि मी दशाश्वमेधावरून मोटारबोट घेतली. रामनगरच्या बाजारात मला लहानशा भोपळ्याएवढी, पांढरट हिरवी वांगी दिसली. विकणाऱ्या बाईने एक वांगं कानाशी नेऊन बोटाने वाजवलं आणि माझ्या हातात दिलं. आवाजात तिला काय कळलं ते मला कळलं नाही, पण मीही वाजवून मान डोलावली.

परतताना ऊन उतरलं होतं. उजव्या हाताला वाळू, त्यापलीकडे झाडांची रांग. पावणेसहाच्या सुमारास त्या झाडांमागून, अगदी शांतपणे, तांब्याच्या रंगाचा चंद्र वर आला.

मी घड्याळ बघितलं. वही बघितली. पुन्हा घड्याळ बघितलं.

“भैया, ये चाँद अभी कैसे निकला? इसको तो पौन घंटा बाकी है।”

नावाड्याने चंद्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “चंदा तो अपने टाइम से निकला है, माताजी। आप किसका टाइम देख रही हैं?”

किसका टाइम! मी मांडीवर वांगं घेऊन तशीच बसून राहिले. पंचांग मुंबईचं. मुंबई त्र्याहत्तर रेखांशाच्या जवळपास, काशी त्र्याऐंशीच्या. एका रेखांशाला चार मिनिटं. दहा रेखांशांना चाळीस. शिवाय आपण उत्तरेला आलो आणि चंद्रही सध्या उत्तरेकडून उगवतोय, म्हणून आणखी थोडी. तेहतीस वर्षं मी फळ्यावर दोन वर्तुळं काढून हेच शिकवलं. या प्रश्नाचे मी गुण कापलेत. एका मुलाला तर मी याच प्रश्नावरून वर्गाबाहेर उभं केलं होतं. तो आता जिथे असेल तिथे त्याने मला क्षमा करावी.

घरी पोचल्यावर हे सगळं मी मोठ्या उत्साहाने काकांना सांगितलं. काकांनी वांगं हातात घेऊन वाजवलं, समाधानाने बाजूला ठेवलं आणि म्हणाले, “तुझं गणित बरोबर असेल. पण आमच्या छतावर चंद्र कॅलेंडरच्या मिनिटाला येतो. मी घड्याळ लावून बघितलेलं आहे. चल वर.”

आम्ही वर गेलो. सहा पंचवीस झाले होते. चंद्राचा पत्ता नव्हता. काका मनगट डोळ्यांपाशी धरून उभे. “अजून पाच मिनिटं.” मी पूर्वेकडे बघितलं. पूर्वेला पूर्व नव्हतीच. समोर एक गेस्ट हाउस होतं, जुन्या घरावर दोन मजले चढवलेलं, आणि त्याच्या गच्चीवर काळी पाण्याची टाकी. साडेसहा वाजून मिनिट झालं आणि टाकीच्या डाव्या खांद्यावरून चंद्राने डोकं वर काढलं.

“बघ,” काका म्हणाले. “मिनिटाला.”

मला हसू आवरेना. मी कठड्याला धरून हसले. काकांना आधी राग आला. मग त्यांनी टाकीकडे बघितलं, चंद्राकडे बघितलं, आणि हळूच घड्याळाचा हात खाली घेतला.

“ही टाकी कधीची, काका?”

“नऊ वर्षं झाली असतील. त्याआधी माझे थोरले भाऊ अण्णा होते, ते इथलंच पंचांग बघायचे. ते गेले, आणि मग पुण्याहून हे कॅलेंडर यायला लागलं. वेळ जुळायची. कधी पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तर मी म्हणायचो, ढग असेल.” त्यांनी घड्याळ काढून खिशात टाकलं. “म्हणजे नऊ वर्षं मी हिला पाऊण तास उगाच उपाशी ठेवलं.”

खाली आल्यावर त्यांनी हे काकूंना स्वतः सांगितलं, आडवळण न घेता. काकू भरतासाठी वांग्याला तेल लावत होत्या. त्यांनी हिशेब केला. “नऊ वर्षांच्या एकशे आठ. अधिक मास सोडून. एक जपमाळ झाली की हो!” आणि त्या इतक्या हसल्या की रश्मी धावत आली. मग एकदम थांबून त्यांनी मला विचारलं, “शैला, मग चतुर्थीला खरा चंद्र कधी?”

“कॅलेंडरमध्ये सव्वाआठच्या आत आहे. म्हणजे इथे साडेसातच्या जरा आधी.”

काकूंनी रश्मीकडे बघितलं. साडेसातची गोळी! रश्मी म्हणाली, “लेकिन छतावरून तर नाही दिसणार ना?”

“घाटाच्या वरच्या पायरीवरून पूल दिसतो,” मी म्हटलं. “खाली उतरायचंच नाही. गल्ली संपते तिथे बसायचं.”

“तिथपर्यंत तर मी नाचत जाईन,” काकू म्हणाल्या.

पुन्हा पूल

तिसऱ्या दिवशी मी वेळेवर होते. वेळेच्या आधी होते. सकाळी चौकात मलइयो खाल्लं होतं, म्हणजे दुधाचा केशरी फेस, कुल्हडभर घेतला तरी तोंडात काहीच राहत नाही, फक्त गोडवा आणि गारवा राहतो. त्या आनंदात दिवस गेला. संध्याकाळी घाट रिकामा, तिपाई घट्ट, आणि साडेसहाला पुलाच्या खालच्या कैचीत लाल ठिपका. मी बटण दाबलं आणि स्वतःवर खूश होऊन बाजूच्या पायरीवर बसले.

इतकी खूश, की लेन्सचा आपोआप फोकस करण्याचा खटका बंद करायचा राहिला. कॅमेऱ्याला दर फोटोला नवा प्रश्न पडत होता, पूल बघू की चंद्र बघू. घरी येऊन फोटो पाहिले तर निम्म्याहून जास्त फोटोंत चंद्र तव्यावर पसरलेल्या धिरड्यासारखा. रश्मीने न विचारता मला चहा करून दिला. शाळेतल्या बाईंनाच दुसऱ्या बाईंचं दुःख कळतं.

परवाच्या सकाळचं माझं परतीचं तिकीट होतं. उरली एक संध्याकाळ. माझी शेवटची आणि, तब्येतीने साथ दिली नाही तर, काकूंचीही.

संकष्टी

दिवसभर काकू ठणठणीत होत्या. दुपारी मोदक वळले, मला दोन चुकीचे वळू दिले आणि ते वेगळे ठेवले. पाचनंतर त्या बोलेनाशा झाल्या. सहाला त्यांनी भिंतीला हात टेकला. रश्मीने बघितलं, मी बघितलं, दोघींनी न बघितल्यासारखं केलं.

सात वाजता आम्ही निघालो. काका पुढे टॉर्च घेऊन, रश्मी आणि काकू मध्ये, हातात ताम्हन आणि पाण्याचा गडू, मागून मी लेन्स छातीशी धरून. चहावाल्याने वरच्या पायरीवर स्टूल आणून ठेवलं. कोपऱ्यावर खरंच सांड बसला होता. त्याने पाय आखडून घेतले आणि आम्हाला वाट दिली.

मी तिपाई लावली. फोकस पुलाच्या दिव्यावर पक्का केला आणि खटका बंद केला. बंद केल्याचं मोठ्याने म्हणून दाखवलं. नदीवर धूसर होतं, पुलावरचे दिवे पिवळे, चिकट. सात सत्तावीसला कॅमेऱ्याच्या काचेत कैचीच्या तळाशी एक विटकरी रेघ उमटली. मी बटण दाबलं. खट्, दोन सेकंद, खट्.

“आला,” मी म्हटलं.

“कुठाय?” काकूंनी मान पुढे काढली.

“आई, तो पुलाच्या मागे, नीचे, लाल लाल.”

“मला नुसते दिवे दिसतात.”

काकांनी बोट दाखवलं. चहावाल्यानेही दाखवलं. काकूंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं, पण संध्याकाळी तोही पाणावतो. त्यात धुकं, आणि चंद्राचा रंग विझत्या निखाऱ्याचा. धुक्याच्या वर यायला त्याला वीस-पंचवीस मिनिटं तरी लागणार होती. रश्मीने घड्याळ बघितलं. काकूंच्या हातातला गडू ताम्हनावर बारीक वाजत होता.

“आई, आम्ही सगळ्यांनी बघितला ना. चला. प्लीज.”

“तुम्ही बघितला, तुम्ही जेवा,” काकू म्हणाल्या. आवाज अगदी लहान झाला होता. “मला दिसल्याशिवाय मी कशी जेवू? बसते मी. दिसेल.”

खट्, दोन सेकंद, खट्. चंद्राचा वरचा काठ पहिल्या आडव्या पट्टीला लागला होता. सगळ्या प्रवासात मी ज्या दोन मिनिटांसाठी आले होते ती हीच. कॅमेऱ्याच्या पडद्यावर चंद्र मोठा करून दाखवता येत होता, पण त्यासाठी फोटो थांबवावे लागणार होते, आणि काकूंना तिपाईपाशी उभं करावं लागणार होतं. तिपाई हलली की चौकट हलली. मी खोटं बोलणार नाही. मी दोन फोटो थांबले. तिसराही होऊ दिला. मग गडूचा आवाज पुन्हा आला आणि मी बटण दाबून कॅमेरा थांबवला.

“काकू, या इकडे. यात बघा.”

काकू उठल्या, पण पडद्यापाशी येऊन अडल्या. त्यांनी काकांकडे बघितलं. “अहो, यंत्रातून बघितलेला चालतो का?”

काका ऐंशी वर्षांचे संस्कृतचे पंडित. असल्या प्रश्नावर एरवी त्यांनी तासभर घेतला असता. ते तत्काळ म्हणाले, “चष्म्यातून चालतो ना तुला? मग हा मोठा चष्मा. बघ लवकर.”

मी चित्र दहापट मोठं केलं. काकूंनी डावा हात तिपाईवर टेकला, सगळा भार टाकून, आणि डोळे पडद्याला लावले. त्याच वेळी पुलावरून गाडी निघाली. चंद्राच्या तबकडीवरून उजेडाच्या खिडक्या एकामागून एक सरकत गेल्या.

“अगंबाई!” काकू म्हणाल्या. “हा तर गाडीत बसून आलाय!”

सगळे हसलो. चहावालाही. काकूंनी पुलाकडे तोंड करून अर्घ्य दिलं, त्यातलं निम्मं माझ्या तिपाईच्या पायावर, हात जोडले, काकांनी सोबत आणलेल्या डब्यातून नैवेद्याचा मोदक काढून त्यांच्या हातात ठेवला आणि रश्मीने गोळी. साडेसातवर पाच मिनिटं झाली होती. काकू स्टुलावर बसून, पायावर शाल ओढून, मोदक खात होत्या आणि पुलाकडे बघत होत्या. रश्मी त्यांच्या मागे उभी राहून डोळे पुसत होती आणि धुकं किती आहे, असं सारखं म्हणत होती. मला भूक सडकून लागली.

मग मी कॅमेरा पुन्हा चालू केला. चंद्र कैचीच्या वरच्या टोकाला पोचला होता.

परत आल्यावर

फिल्म अकरा सेकंदांची झाली. चार सेकंदांपर्यंत चंद्र कैचीतून चढतो, आणि मग एकदम उडी मारून वरच्या पट्टीवर जातो, पूल थोडा डावीकडे सरकतो. आमच्या फोटोवाल्या मंडळींत ती दाखवली तेव्हा एक जण म्हणाले, “मधली मिनिटं कॉम्प्युटरवर बनवून घालता येतील. उडी कळणारही नाही.” मी म्हटलं, राहू दे, तिथे काकू जेवल्या. त्यांना ते कळलं नसावं, पण त्यांनी मान डोलावली.

पुढच्या संकष्टीला मी साताऱ्यात गच्चीवर तिपाई लावून उभी होते. जेवण झालं नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला.

“शैला, इकडे उगवला गं! आज धुकं नव्हतं, माझी मीच बघितला. भरीत-भाकरी खाऊन हातसुद्धा धुतले. तुझ्याकडे दिसतोय का?”

मी पूर्वेकडे बघितलं. डोंगराची काळी कड, आणि त्यावर काही नाही.

“नाही हो काकू. इकडे डोंगर धरून अजून पाऊण तास आहे.”

“मग बस उपाशी,” काकू म्हणाल्या, आणि फोन ठेवून दिला.